दुरुस्ती: वजा तीन

२४ एप्रिल

भिंगरे,

सकाळी आठ. दाब १०१०. वारा नैर्ऋत्येकडून, मंद. आकाश जुन्या अस्तरासारखं, मळकट आणि एकसारखं. पाऊस नाही.

पत्राची सुरुवात अशी का, हे तुला सांगायला नको. तुझी आई गेली आणि सात वर्षांची तू माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा भाचीशी काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी रोज सकाळी तुला बॅरोमीटरवरचा हवेचा दाब सांगायचो. तू तोंड मिटून ऐकायचीस. आठव्या दिवशी विचारलंस, "काल किती होता?" तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तुला वादळांच्या टेबलावर बसवलं हे वाचून बरं वाटलं. पायाला भिंगरी म्हणून तुला भिंगरी म्हणायला लागलो, आणि आता समुद्रात फिरणाऱ्या भिंगऱ्या तूच मोजणार. फक्त एक सांगतो. दुसऱ्या देशाच्या कचेरीत आहेस, तिथे आमच्या कचेरीची उणीदुणी काढू नकोस. इथलं हवामानाचं ठाणं बंद झालं ते झालं. मला या दोन खोल्या राहायला दिल्या, भिंतीवरचा बॅरोमीटर राहू दिला, एवढं पुष्कळ आहे. भरतीला पाणी अजून दुसऱ्या पायरीपर्यंत येतं आणि मुकाट्यानं परत जातं.

जेवणाची आबाळ करू नकोस.

मामा

*

२८ एप्रिल

मामा,

लाँच आठवड्यातून दोनदा येते आणि त्या दोन दिवशी मी कचेरीत उगाचच फाटकापर्यंत फेऱ्या मारते. शिपाई म्हणतो, ताई, टपाल चालत नाही, मी आणतो ते.

आधी भांडण. तुझं अक्षर पार बिघडलंय. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात, आणि एका ठिकाणी तर एका ओळीवर दुसरी अख्खी ओळ लिहिलीयस. मी ती आरशात धरून, उजेडात धरून, सगळे प्रकार करून वाचली. "जेवणाची आबाळ" एवढंच हाती लागलं. आणि आकाश अस्तरासारखं? मी शाळेच्या निबंधात ढगांना कापूस म्हटलं होतं, तर आकाश आठ भागांत मोजणारा तू विचारलंस, "आठापैकी किती भाग कापूस?" आणि आता स्वतः अस्तर लिहितोस. म्हातारपणी कविता करायला लागलास की काय?

आमच्या खोलीत मधोमध मोठं टेबल आहे आणि त्यावर नकाशा. शेजारच्या चार देशांचे आकडे टेलेक्सवर येतात. एका देशाचं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे, तरी आकडे यायला तेच सगळ्यात उशीर करतात. मोठे साहेब पेन्सिल कानावर ठेवून ती टेबलावर शोधत असतात. सगळ्या किनाऱ्यावर आकडे दाटीवाटीनं बसलेत, फक्त तुमच्या बंदरापाशी वीतभर कोरा कागद आहे. मी तिथे तुझ्या पत्रातले आकडे भरते. शिळे असतात, पण माझ्या मनाला बरं वाटतं.

त्यावरून एक. २४ तारखेला सकाळी आठ वाजता एक मालवाहू जहाज तुमच्याच बंदरात नांगर टाकून उभं होतं. त्यानं १००७ कळवलंय. तू १०१० लिहितोस. तीनाचा फरक फार झाला. यंत्राच्या पाठीमागचा स्क्रू थोडा फिरवून बघशील?

तुझी भिंगरी

*

२ मे

भिंगरे,

सकाळी आठ. दाब १००९. वारा दक्षिणेचा, मधूनच. आकाश कडेला उसवल्यासारखं, मध्ये नीट.

स्क्रूला मी हात लावणार नाही. जहाजाच्या कप्तानानं आपल्या बॅरोमीटरवरची धूळ शेवटची कधी पुसली ते आधी विचार. तू शिकलेलं सगळं विसरलीस का? यंत्र खोटं बोलत नाही. त्याला खोड असते. ती ओळखायची, यंत्राखाली कागद टांगायचा आणि त्यावर दुरुस्ती लिहायची: अधिक एक, वजा दोन, जे असेल ते. त्यात लाज कसली? लाज असते ती कागद न टांगण्यात. आपल्या बॅरोमीटरची दुरुस्ती शून्य आहे. एकोणतीस वर्षं शून्य आहे, आणि कागद अजून तिथेच टांगलेला आहे.

अक्षराचं म्हणशील तर पेन नवा आहे, शाई जास्त सोडतो. आकाशाचं म्हणशील तर शेजारच्या खोलीत एक शिंपीणबाई राहायला आल्यात. दिवसभर व्हरांड्यात मशीन चालवतात, त्यांची भाषा लागली. वाण नाही पण गुण लागतो तसं.

होडीवाले अजून संध्याकाळी येऊन बसतात. गेल्या वर्षी रेडिओ दोनदा वादळ वादळ म्हणून ओरडला आणि झुळूकही आली नाही, तेव्हापासून त्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडालाय. "मास्तरांचा काटा काय म्हणतो?" एवढंच विचारतात. मी सांगतो, ते उठतात, होड्या पाण्यात जातात किंवा जात नाहीत. ठाणं बंद झालं तरी माझी नोकरी चालू आहे, असं समज.

काचेवर एकच हलकी टिचकी मारायची आणि काटा कुणीकडे सरकतो ते बघायचं, हे तुला शिकवलं होतं. तू कायम दोनदा मारायचीस. अजूनही दोनदाच मारतेस का?

मामा

*

७ मे

मामा,

हो, अजूनही दोनदाच मारते. साहेब ओरडतात. मी म्हणते, आमच्या घराण्यात असंच असतं.

आता काम. आग्नेयेला, दूर समुद्रात, कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. अजून त्याला नाव नाही आणि आकारही नाही. उपग्रहाच्या चित्रात नुसते विस्कटलेले ढग दिसतात. पण पाणी फार तापलंय. चारही देशांच्या कचेऱ्या आता सहाऐवजी तीन तासांनी आकडे पाठवतायत आणि आम्ही डोळ्यात तेल घालून बसलोय. मोसमी वारे यायला अजून तीन आठवडे आहेत, त्याआधी समुद्राला हा एक कारभार उरकायचा असतो, असं तूच म्हणायचास.

माझं म्हणणं ऐकून घे, रागावू नकोस. तुमच्या बंदरात या पंधरा दिवसांत तीन जहाजं येऊन गेली. तिघांनीही तुझ्यापेक्षा कमी दाब कळवला. दोघांनी तीननं, एकानं दोननं. कधी तुझा आकडा कमी आणि त्यांचा जास्त, असं एकदाही झालं नाही. तीन कप्तानांनी ठरवून धूळ साठवली असं तू म्हणणार असशील, तर मी हात टेकले. काचेवर टिचकी मारून बघ आणि काटा हलतो का ते लिही. कदाचित आतली कमान थकली असेल. एवढ्या वर्षांनी थकायचा हक्क आहे तिला.

तुझी भिंगरी

*

१० मे

भिंगरे,

सकाळी आठ. दाब १००६. वारा पूर्वेकडून. आकाश काठापदराचं.

टिचकी मारली. काटा हलला नाही. यंत्र उत्तम आहे. १००६ म्हणजे या दिवसांत काळजीचं काही नाही. रेडिओ म्हणतो, जे काही आहे ते उत्तरेला वळून तिसऱ्याच देशाकडे जाणार. मी होडीवाल्यांना जा म्हणून सांगितलंय.

थकायच्या हक्काबद्दल पुन्हा लिहू नकोस.

मामा

(याच पाकिटात, शिवणाचा नमुना काढायच्या तपकिरी कागदाच्या कपट्यावर)

भिंगरीताई,

तुमची माझी भेट नाही. मी शेजारची शिंपीण. मास्तर पत्र लिहून घडी घालतात आणि पाकिटात भरायला माझ्याकडे देतात, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते. मी त्यांना शब्द दिला होता, तो मोडतेय.

मास्तरांना दिसत नाही. खिडकी कुठे आहे ते कळतं, समोर माणूस उभा आहे ते कळतं. आकडे, अक्षरं, चेहरे काही दिसत नाही. गेल्या पावसाळ्यापासून असंच आहे. पुठ्ठ्याची पट्टी कागदावर सरकवत लिहितात, पट्टी घसरली की ओळीवर ओळ येते. तुमची पत्रं मी वाचून दाखवते. सकाळी मला विचारतात, बाई, आकाश कसं आहे? मला ढगांची नावं येत नाहीत, मी आपलं कापडावरून सांगते.

त्या घड्याळासारख्या यंत्राची काच त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. कडेनं दर पाच आकड्यांवर दोऱ्याची एक गाठ चिकटवून घेतली. रोज सकाळी गाठी मोजत जातात आणि बोटानं काटा शोधतात. काचेवर टिचकी मारली असं लिहिलंय, पण काच तर महिनोन्महिने माझ्या दोऱ्यांच्या डब्यात आहे.

मला वाचायला येतं पण त्या यंत्रातलं कळत नाही, आणि त्याला हात लावू देत नाहीत. तुम्ही तीन तीन म्हणून लिहिलंत त्या ओळी त्यांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतल्या. सातही होड्या १३ तारखेला दुपारी निघणार आहेत, चार दिवसांसाठी. सगळं मिळून एकतीस माणसं. मला राहवेना, म्हणून कळवलं.

*

१२ मे, सकाळ

(पहिला कागद)

बाई, हा कागद मोठ्यानं वाचा. होडीवाले व्हरांड्यात नसतील तर बोलावून घ्या. आज दिवेलागणीला पोचणाऱ्या लाँचनं हे पत्र येतंय. ती शेवटची. परवानगी मिळेपर्यंत दुसरी सुटणार नाही.

आज सकाळी सहाला वादळ तुमच्या बंदराच्या आग्नेयेला सातशे किलोमीटरवर होतं. ते आता पूर्ण वाढलेलं वादळ आहे. रेडिओ उत्तरेला वळेल म्हणतो. कालपर्यंत आमच्या टेबलावरही तसंच म्हणत होते.

पण मास्तरांच्या बॅरोमीटरला एक दुरुस्ती निघाली आहे. वजा तीन. त्यांनी पाठवलेला प्रत्येक आकडा तीननं कमी करून मी नकाशावर मांडला: १००७, १००६, १००३. तुमच्याकडचा दाब घसरतोय. आमच्या नकाशात तुमच्या बंदरापाशी जी कोरी जागा होती, तिथे हे आकडे धरून वादळाच्या वाटेची रेघ ओढली तर ती तुमच्याकडेच वाकते. मोठ्या साहेबांनी ती रेघ तीनदा पुसली आणि तीनदा तिथेच ओढली. मग ते स्वतः टेलेक्सवर जाऊन बसले आणि तुमच्या देशाच्या कचेरीला कळवून आले. उद्या संध्याकाळपर्यंत तुमचा रेडिओही बदललेला असेल, पण तोवर होड्या निघून गेलेल्या असतील.

वादळ १४ तारखेला दुपारी तुमच्याकडे येईल. होड्या वर ओढा. धक्क्याजवळ राहणाऱ्या सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत जावं. हे मास्तरांच्या आकड्यांवरूनच कळलंय. ते आकडे नसते तर आम्हाला कळलं नसतं.

(दुसरा कागद)

बाई, हा मात्र दार लावून, फक्त मामासाठी.

मामा,

मला कळलंय. बाईंवर रागावू नकोस, रागवायचं तर माझ्यावर.

चिठ्ठी मिळाल्यावर मी काय केलं ते सांगते. कचेरीच्या कपाटात तुझ्यासारखाच एक जुना बॅरोमीटर आहे. त्याची काच काढली, डोळे मिटले आणि बोट घेऊन गेले डावीकडून उजवीकडे, गाठी मोजायला जावं तसं. काटा लागला तिथे थांबले आणि डोळे उघडले. काटा जिथे होता तिथून तीन घरं पुढे गेला होता. बोट लागलं की तो ढकलला जातो, मामा, आणि बोटाला ते कळत नाही. मी पाचदा करून पाहिलं: तीन, दोन, तीन, चार, तीन. माझे डोळे चांगले आहेत, बोट तरुण आहे, तरीही तीनच. चूक तुझी नाही. बोटाची खोड आहे ती.

आणि खोडीचं काय करायचं असतं ते तूच लिहिलंस. ओळखायची आणि कागदावर लिहून टाकायची. त्यात लाज कसली?

पहिल्या कागदावर मी तुझ्या डोळ्यांबद्दल अक्षर लिहिलेलं नाही. ते सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण तू नुसतं "दुरुस्ती निघाली" म्हणालास आणि त्यांनी विचारलं, काल जा म्हणालात आणि आज थांबा का, तर तुझ्याकडे उत्तर असायला हवं. मी इथून दुसरं काही करू शकत नाही. सगळं तुझ्या तोंडून निघणाऱ्या शब्दावर आहे, आणि मला त्याचीच भीती वाटते, कारण तू किती हट्टी आहेस हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक आहे?

तू वर शाळेत जा. तुझ्या पाया पडते.

भिंगरी

*

१८ मे

मामा,

लाँच बंद आहे, तुमच्याकडच्या तारा पडल्यात. हे पत्र खणात राहणार हे माहीत असूनही लिहितेय.

१४ तारखेला दुपारी तीनच्या चित्रात वादळाचा डोळा बरोबर तुमच्या बंदरावर होता. मी त्या कोऱ्या जागेवर पेन्सिलीनं गोल काढला आणि तोच पुन्हा पुन्हा गिरवत बसले म्हणून साहेबांनी पेन्सिल काढून घेतली. तेव्हापासून तिथून एकही आकडा आलेला नाही. तुमच्या कचेरीला रोज विचारतो. ते म्हणतात, माणसं पाठवलीत, रस्ता नाही.

चार दिवस मी एकच गोष्ट आठवतेय. गेल्या वर्षी रजा संपवून निघाले तेव्हा तू मला लाँचपर्यंत सोडायला आलास. व्हरांड्यापासून धक्क्यापर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून चाललास. तू कधी असा चालत नाहीस. मला वाटलं, माया. मी रस्ताभर इतकी खूश होते, की तू पायरी चुकलास तरी माझ्या लक्षात आलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या समुद्राकडे बघत बसणारी मी, आणि माझ्या खांद्यावर काय आहे ते मला कळलं नाही.

तू सांगितलंस का त्यांना? एवढंच कळू दे. होड्या निघाल्या का?

भिंगरी

*

२२ मे

(बाईंच्या अक्षरात)

भिंगरे,

सकाळी आठ. दाब १००५, बाईंनी वाचलेला. वारा मंद. आकाश मला दिसत नाही. बाई म्हणतात, निळं, धुऊन वाळत घातलेलं.

आम्ही सगळे आहोत. एकतीसच्या एकतीस. हे आधी वाच आणि मग बसून पुढचं वाच.

तुझा पहिला कागद बाईंनी सात जणांसमोर वाचला. सगळ्यात वयस्क होडीवाल्यानं विचारलं, "तीन म्हणजे फार असतं का?" मी म्हणालो, उद्या सांगतो. मग दार लावून दुसरा कागद ऐकला. मी बाईंना बोलू नये ते बोललो. त्या मशीनपाशी जाऊन बसल्या, पण मशीन चालवलं नाही. ते मला ऐकू येत होतं.

तुला खरं सांगतो. मला वादळाची भीती वाटली नाही. संध्याकाळी व्हरांड्यात कुणी येऊन बसणार नाही, याची वाटली. आंधळ्या माणसाला कोण विचारणार, काटा काय म्हणतो म्हणून? एवढ्यासाठी मी वर्षभर खोटं बोललो, आणि एकतीस माणसांना जा म्हणालो.

१३ तारखेला सकाळी बाईंचा हात धरून धक्क्यावर गेलो. मी अजून थांबा म्हणालो नव्हतो, म्हणून होड्यांत बर्फ भरत होते. मी म्हणालो, मला दिसत नाही. वर्ष झालं. मी बोटानं काटा चाचपतो आणि तो पुढे ढकलला जातो. परवाचा माझा आकडा चुकीचा होता, वादळ इकडेच येतंय, आणि तुम्ही गेलात तर ते माझ्यामुळे.

कुणीतरी बर्फाची पाटी खाली ठेवली.  मग तो वयस्क होडीवाला म्हणाला, "मास्तर, दिसत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. सहा महिने तुम्ही मला माझ्या भावाच्या नावानं हाक मारताय. काटा चुकतो हे तेवढं ठाऊक नव्हतं."

मी विचारलं, मग रोज येऊन बसत का होतात? तर म्हणे, "सवय आहे. आणि बाई चहा बरा करतात."

दुपारपर्यंत सातही होड्या वर होत्या. बाईंचं मशीन चौघांनी उचलून टेकडीवर नेलं आणि वाटभर त्याच्या वजनाला शिव्या घातल्या. बॅरोमीटर मी अस्तराच्या कापडात गुंडाळून पोटाशी धरला. १४ तारखेला शाळेच्या वर्गात दोनशे माणसं, दारं बांधलेली, आणि छपरावर असा आवाज की शेजारच्याचं बोलणं कानात तोंड घालून ऐकावं लागत होतं. बाईंनी यंत्र पुढ्यात घेतलं. त्यांना मी आदल्या रात्रीपर्यंत वाचायला शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, ९९०. मी म्हणालो, थांबा, आणि माझं बोट लावलं. "आता?" "९९३," बाई म्हणाल्या. त्या वादळात मला हसू आलं. तुझे तीन तिथे हजर होते.

मग त्या दर अर्ध्या तासानं वाचत गेल्या आणि कुणीतरी फळ्यावर लिहीत गेलं. ९८६. ९८१. ९७४. बायका मुलांना मांडीवर घेऊन फळ्याकडे बघत होत्या असं मला सांगितलं. ९७४ दोनदा आलं, तेव्हा छपरावरचा आवाज एकदम थांबला होता. नंतर ९७५. मी उठून म्हणालो, मधला भाग गेला, आता वारा उलटा फिरेल, कुणी दार उघडू नका. कुणी उघडलं नाही.

आपल्या दोन खोल्यांत पाणी खिडकीपर्यंत चढलं होतं. छप्पर कुठे गेलं ते सापडलं नाही. व्हरांड्यातलं तुझं लहानपणचं बाकडं तेवढं शाबूत आहे. मी सध्या शाळेच्या नकाशांच्या खोलीत राहतो. बाई शेजारच्या वर्गात मशीन लावून फाटलेली शिडं शिवतायत. त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ते राहू द्या, मास्तर, आकाश सांगू का?

आता खांद्यावरच्या हाताचं. लाँच पुन्हा सुरू झाली आणि तुझं खणातलं पत्र काल आलं, बाईंना ते मध्ये दोनदा थांबून वाचावं लागलं. तू म्हणतेस तुला ती माया वाटली आणि तो आधार निघाला. भिंगरे, आठात मोज. आधार तीन भाग होता. पाच भाग मायाच होती. मी इतकी वर्षं तुझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, कारण निमित्त सापडत नव्हतं. डोळे गेले तेव्हा सापडलं.

मामा

*

२६ मे

मामा,

तुझं पत्र कचेरीच्या फाटकातच उघडलं. "एकतीसच्या एकतीस" एवढं वाचलं आणि तिथल्याच पायरीवर बसून रडले. शिपायाला वाटलं वाईट बातमी. त्यानं पाणी आणलं, मग मी त्यालाच सगळं वाचून दाखवलं. तुझ्या पाच भागांपाशी तोही पाणी प्यायला.

साहेबांनी नकाशावर तुमच्या बंदराच्या जागी पुन्हा खूण केलीय. तुमच्या कचेरीनं कळवलंय की तिथून रोज दोनदा आकडे हवेत, निदान मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत. वाचायला बाई आणि सांगायला तू. वादळानं सगळा वारा ओढून नेलाय, त्यामुळे पाऊस दहा दिवस तरी लांबेल असं आमचं टेबल म्हणतं. तुला काय वाटतं ते लिही, टेबलाला हवंय.

मला तीन आठवडे रजा मिळाली. २ तारखेच्या लाँचनं येतेय. आल्यावर तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. काय होईल ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही, पण दाखवायचं. यावर वाद नको.

तुझी भिंगरी

*

२९ मे

(मामांच्या अक्षरात, ओळी एकमेकींवर चढलेल्या)

भिंगरे,

हे मुद्दाम माझ्या हातानं लिहितोय. वाचता येईल तेवढं वाच, बाकीचं आलीस की सांगेन.

पाऊस दहा नाही, बारा दिवस लांबेल. टेबलाला सांग. वाद घालणार नाही, डॉक्टरांकडे येतो.

बॅरोमीटर नकाशांच्या खोलीत टांगलाय. त्याच्याखाली नवा कागद लावला. बाईंनी माझ्या सांगण्यावरून त्यावर दोन ओळी लिहिल्यात. यंत्र: दुरुस्ती शून्य. मास्तर: दुरुस्ती वजा तीन. होडीवाल्यांनी वाचलं, आता ते मी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीतून तीन वजा करतात. माझं वयसुद्धा.

बाईंनी दोऱ्यांच्या डब्यातून काच काढून परत बसवली. त्यांना यंत्रावर टिचकी मारायला सांगितलं, तर म्हणाल्या, ते मी करणार नाही, ते तुमच्या भाचीचं काम. म्हणून गेले तीन दिवस काचेला कुणी हात लावलेला नाही.

लाँचवरून उतरलीस की हाक मारू नकोस. सरळ वर ये आणि काचेवर टिचकी मार. दोनदा मार. मी ओळखीन. मग काटा कुणीकडे सरकला ते मला सांग.

मामा